तालुक्यातल्या नव्या मार्टचा रिव्ह्यू, किराणावाल्याच्या पोट्ट्याकडून

सुरुवातीलेच सांगून देतो, आमचं स्वतःचं किराणा दुकान आहे. खेड्यातलं, बाबांनी टाकलेलं, बारा बाय पंधराचं, समोर दगडी वटा अन वट्यावर दिवसभर दोन-चार म्हातारे. म्हणजे तुमी म्हणसान का हा पोट्टा जळून लिहून राह्यला, तर म्हणा बाप्पा. पण मी तीन महिने, दर महिन्याले एकदा, तिथून घरचं सामान आणलं, बिलं जपून ठेवली अन घरी येऊन आमच्या दुकानातल्या भावाशी एकेक ओळ लावून पाह्यली. दुकानाचं नाव लिहत नाई, गावाचं बी नाई, यवतमाळ जिल्ह्यातला एक तालुका एवढं पुरे. असे मोठे दुकान आमच्याकडं मोजून दोन, नाव लिहिलं का दुसऱ्याच दिवशी मॅनेजरचा फोन येते, अन त्याचा भाऊ माझ्यासंग शाळेत होता.

तर, उघडलं पोळ्याच्या आठवड्यात. जुन्या जिनिंगच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या) जागेवर मोठं टिनाचं शेड, समोर गट्टू बसवलेले, पार्किंगले एवढी जागा का बाजाराच्या दिवशी लोकं ट्रॅक्टर ट्रॉलीसकट लावतेत. आत एसी, लाईन गेली तर जनरेटर. यवतमाळले जाऊन यायचं म्हटलं का आमचा दिवस जाते, हे मात्र बावीस किलोमीटरवर. त्यात बायांले एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून (२०२३ च्या मार्चपासून) घरचा बाजार बायाच करून येतेत, गडीमाणूस नुसता थैल्या उचलाले. माझं तिकीट चाळीसेक रुपये, मायचं वीस.

माय पह्यल्यांदा गेली तेव्हा रॅकमधलं साबण हातात घेऊन तिथल्या पोट्ट्याले विचारते, "बाबू, यात कमी काय करशीन?" तो म्हणे, "काकू, कम्प्युटरचा भाव आहे, मले कमी करता येत नाई." माय म्हणे, "मंग तू उभा कायले आहे इथं?" पोट्टा हसला अन निघून गेला. पुढच्या महिन्यात मायनं ट्रॉली अशी चालवली जशी काय जन्मापासून चालवत होती.

आता भाव. सरळ सांगतो, काही गोष्टी खरंच स्वस्त आहेत, आमच्या खरेदीच्या भावापेक्षा बी स्वस्त. साखर किलोमागं २ रुपये कमी. अंगाच्या साबणाचा चारचा पॅक आमच्यापेक्षा १८ रुपये कमी, अन बाबांनी बिल पाहून सांगितलं का यवतमाळचा होलसेलवाला आपल्याले ज्या भावात देते त्याच्या खाली हे विकून राह्यले. कपडे धुवायचं पावडर, टूथपेस्ट, बिस्किटाचे मोठे पुडे, हे सगळं कमीच. पोहे आमचे चांगले आहेत, त्यांचे जरा चुऱ्याचे निघाले, पण भावात २-३ रुपयाचा फरक.

तेल मात्र पाहून घ्या. सोयाबीन तेलाची पिशवी १२८ ले ठेवली होती, वर लाल पट्टी, लोकं चार-चार उचलून राह्यले. आमच्या दुकानात १३७ ची आहे. मी घरी आणून काट्यावर ठेवली तेव्हा कळलं, पिशवी ८५० ग्रॅमची. आमची एक लिटरची, म्हणजे ९१० ग्रॅम. १२८ भागिले ८५०, १३७ भागिले ९१०, दोन्ही पंधरा पैसे ग्रॅम. एक पैशाचा बी फरक नाई! पिशवीवर वजन लिहिलेलं होतं, खोटं काई नाई, पण उंची-रुंदी तशीच, चित्र तसंच, माणूस लिटर समजूनच उचलते. आजकाल पाकिटावर ग्रॅममागं किती पैसे पडते ते बारीक अक्षरात छापलेलं राहते, एमआरपीच्या शेजारी पाहा, तो आकडा एमआरपीवरून काढलेला राहते पण दोन पाकिटं ताडून पाहाले कामाचा आहे.

अन शाम्पू तर उलटाच. मोठी बाटली म्हणजे स्वस्त असं सगळ्यांले वाटते, पण आमच्या दुकानात दोरीले लटकलेल्या एक-दोन रुपयाच्या पुड्या मिलीच्या हिशेबानं बाटलीपेक्षा लय स्वस्त पडतेत. कंपन्यांनी खेड्यासाठी पुडी काढली अन तिचा भाव वाढवता येईना, एक रुपयाचं नाणं ते एक रुपयाचं नाणं. वहिनीनं मार्टातून बाटली आणली होती, तिले हे सांगितलं तर आठ दिवस बोलली नाई माझ्यासंग.

तूरडाळ घ्यायची तर काई गरजच नाई आमच्या घरी, तूर वावरातली. पण तिथं पाकिटात डाळ पाहून मायले हसू आलं. आपलीच तूर इथून बाजार समितीत जाते, तिथून अकोल्याकडच्या दालमिलात, तिथून पाकिटात बसून परत इथं, अन वर चित्र कोण्या डोंगराचं.

मंग प्रश्न येते का हे लोकं स्वस्त देतेत कसं. आमच्या वट्यावरच्या म्हाताऱ्यांचं ठाम मत आहे का माल डुप्लिकेट राहते. नाई राहत. मले लय दिवसापासून हे समजून घ्यायचं होतं कारण आमच्या पोटाचा प्रश्न आहे, म्हणून जरा लांब लिहितो, ज्याले नुसते स्टार पाहाचे त्यानं खाली जावं.

डीमार्टचं उदाहरण घ्या, नागपूरले गेलेल्या सगळ्यांनी पाह्यलेलं. राधाकिशन दमानी हा शेअर बाजारातला माणूस, पह्यलं दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईले टाकलं. घाई केली नाई. २०१७ च्या मार्चमध्ये शेअर आणला २९९ रुपयाले, पह्यल्याच दिवशी सहाशेच्या वर उघडला. २०२५ च्या मार्चपर्यंत ४१५ दुकानं, वर्षाची विक्री ५९ हजार कोटीच्या आसपास, अन नफा किती, तर २७०० कोटी. आकडा मोठा दिसते पण भागाकार करून पाहा, शंभराच्या विक्रीत साडेचार रुपये. माल विकून शंभरात पंधराएक रुपये सुटतेत, त्यातून पगार, लाईट, गाड्या, टॅक्स जाऊन हे साडेचार. इतक्या कमीत कसं भागते त्याचं कारण का त्यांनी बहुतेक जागा स्वतःच्या घेतल्यात, किंवा लय लांब मुदतीच्या, महिन्याचं भाडं डोक्यावर नाई. अन माल देणाऱ्या कंपनीले पैसे आठ-दहा दिवसात चुकते करतेत. बाकीचे दुकानदार महिना-महिना लावतेत. जो नगदी देते त्याले कंपनी दोन रुपये कमी लावते, ते दोन रुपये ते गिऱ्हाइकाले देतेत, म्हणून गिऱ्हाईक येते, म्हणून माल महिनाभरात खपते, म्हणून परत आठ दिवसात पैसे देता येतेत. फिरत राह्यलं पाहिजे बस.

हे आमच्या दुकानाशी लावून पाहा. समजायसाठी, खर्च धरत नाई. मी एक लाखाचा माल भरला, शंभरामागं दहा सुटले. पण माल विकायले दीड महिना, अन विकला तो अर्धा उधारीत, पैसा हातात येयेपर्यंत तीन महिने. म्हणजे लाख रुपया वर्षात चारदा फिरला, चाळीस हजार. मार्टवाल्यानं शंभरामागं सहाच ठेवले पण बारादा फिरवला तर बाहत्तर हजार. माझ्यापेक्षा स्वस्त विकून माझ्यापेक्षा जास्त कमावते. यात कोणाले फसवलं नाई, भेसळ नाई, फक्त त्याचा रुपया पळते अन आमचा वट्यावर बसून राहते.

हे मले खरं कळलं ते २०२५ च्या २२ सप्टेंबरले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किट, डोक्याचं तेल, सगळ्याचा जीएसटी १२-१८ चा ५ वर आला. टीव्हीवर दिवसभर तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली पोट्टी येऊन म्हणते, "दादा, साबण कमी झालं ना, तू काऊन कमी करत नाई?" आता आमच्याकडं साबणाच्या अकरा पेट्या जुन्या भावाच्या, पोळ्याच्या आधी भरलेल्या. स्टॉकिस्टचा (कंपनीचा माल पुरवणाऱ्याचा) माणूस म्हणे पाहू, क्रेडिट नोट येईन, म्हणजे फरक पुढच्या बिलात कापून भेटन. मार्टात पंधरा दिवसात जुना माल संपून नवीन एमआरपीवाला माल रॅकवर आला होता, आमच्या पेट्या दिवाळीपर्यंत पुरल्या. शेवटी खिशातून कमी करून विकल्या, नाई तर गावात तोंड दाखवायची सोय नोयती.

आता उधारीचं. हीच खरी गोष्ट आहे अन हिच्यावर कोणी रिव्ह्यूत लिहत नाई.

ऑक्टोबरचं आमच्या घरचं पूर्ण सामान, पाच माणसांचं, मार्टात ३,६४० रुपयाचं झालं. तेच सामान, तेच वजन, आमच्या दुकानाच्या भावानं ३,९०५. फरक २६५ रुपये, म्हणजे सात टक्के अन थोडे वर. गावातल्या माणसाले वाटते हे सात टक्के किराणावाला खाते. पण आमच्या वहीत आज १ लाख ८० हजार रुपये गावात पसरलेले आहेत. सोयाबीन आलं का थोडं येते, कापसाचे चुकारे झाले का थोडं येते, अन यंदा पावसानं सोयाबीनची वाट लावली तर ते बी आलं नाई. सात टक्के जास्त भावानं दिलेला माल सरासरी चार महिन्यांनी वसूल झाला, तर महिन्याले पावणेदोन टक्के पडलं. बचत गटातून घेतलं तर दोन टक्के आहे. म्हणजे आमी साखर विकत नाई भाऊ, आमी साखरेच्या पुड्यात बांधून कर्ज देतो, ना कागद, ना जामीन, अन ज्याले देतो तो संध्याकाळी वट्यावर येऊन बसते म्हणून मागता बी येत नाई.

इथपर्यंत मले आमचंच बरोबर वाटे. मंग एक दिवस शाळेतले एक सर आले, पगारवाले, नेहमी नगदी घेणारे, अन सहज म्हणाले, "मी तर नगदी देतो, मंग मले तोच भाव काऊन?" मी गप्प. काऊन का सरांचं म्हणणं बरोबर होतं. उधारीवाल्याचं व्याज आमी नगदीवाल्याकडून घेऊन राह्यलो होतो इतके वर्ष, अन कोणाले माहीत बी नोयतं, बाबांले बी नाई. मार्ट आलं अन त्यानं नेमके नगदीवाले उचलले. सर गेले, ग्रामसेवक गेले, लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात पडले का बायांची एसटी भरून जाते. आमच्याकडं राह्यले उधारीवाले. ज्याच्या भरवशावर सात टक्क्यात भागे तोच निघून गेला, तर आता भागवायचं तर दहा टक्के लावा लागन, अन दहा लावले का आणखी चार जणं जातेत.

अमेरिकेतला वॉलमार्ट बी असाच लहान गावापासून सुरू झाला, सॅम वॉल्टननं १९६२ मध्ये आर्कान्सा राज्यात रॉजर्स नावाच्या गावी पह्यलं दुकान टाकलं, जिथं मोठ्या शहरातले दुकानदार यायले तयार नोयते तिथं. आपल्याकडं विशाल मेगा मार्टवाले लहान शहरात कपड्यावर अन स्वतःच्या ब्रँडवर चालतेत. म्हणजे खेड्यात पैसा नाई हे शहरातल्याचं मत, ज्याले धंदा कळते त्याले माहीत आहे का खेड्यात पैसा आहे, फक्त तो वर्षातून दोन-तीनदा येते.

बरं, परत मार्टावर येतो.

कपड्याचा अन भांड्याचा भाग मागच्या बाजूले आहे, पण जायचा रस्ता असा का साखर-तेल घ्यायचं तर टी-शर्टच्या मधूनच जावं लागते. हे मुद्दाम राहते. साखरेत, तेलात त्याले काई सुटत नाई, ती नुसती बोलवायले ठेवलेली. सुटते बादलीत, चादरीत, पोट्ट्याच्या चड्डीत. डीमार्टात बी विक्रीचा चौथ्या हिश्श्याच्या जवळपास माल असा आहे, अन मार्जिन त्याच्यातच जास्त. इथं टी-शर्टवर ४९९ छापून १९९ ले विकतेत. एमआरपी ठरवते कंपनी, कायदा एवढंच म्हणते का छापल्यापेक्षा जास्त घेऊ नका, मंग कंपनी तुमचीच असन तर ४९९ छापा नाई तर ९९९ छापा, साठ टक्के सूट काय अन ऐंशी टक्के काय. टी-शर्ट १९९ चा बरा आहे, दोन धुण्यात गळा सुटला पण वावरात घालाले चालते. गंज (पातेले), कढई पातळ आहेत, घेऊ नका, आपल्या बाजारातला भांडेवाला बरा. प्लास्टिकची बादली मजबूत, १४९ ची, ती घ्या.

आमचं ऑक्टोबरचं शेवटचं गणित सांगतो. वाचले २६५. त्यातून एसटी जाऊन-येऊन दोघांची १२०, समोसा अन चहा ६०, पिशवी १२. हातात राह्यले ७३. अन यादीत नसलेलं घेतलं दोन टी-शर्ट, बादली, अन एक पोळपाट, जो घरी आधीचाच आहे, सगळं मिळून सातशेच्या वर. माय म्हणे बादली लागतच होती. लागत होती, पण ते मार्टात गेल्यावर कळलं.

पिशवीचं राग येते. पन्नी (प्लास्टिकची पिशवी) बंद आहे ठीक आहे, २०१८ पासून बंद आहे, पण बारा रुपये घेऊन त्या पिशवीवर स्वतःच्या दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात छापता, म्हणजे तुमची जाहिरात मी करू अन पैसे बी मीच देऊ. २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचानं असंच नाव छापलेल्या ३ रुपयाच्या पिशवीपायी एका कंपनीले ९ हजाराचा दणका दिला होता. घरून थैली न्या. सिक्युरिटीवाला अडवत नाई, फक्त टॅग बांधते.

आता तक्रार, जी खरी तक्रार आहे. नोव्हेंबरात चहापत्ती अर्धा किलो, रॅकवर पट्टी २१९ ची. बिलात २४५. मले घरी येऊन समजलं असतं तर गेलं असतं, पण सवयीनं काउंटरवरच बिल वाचतो. काउंटरवरची पोट्टी म्हणे, "दादा, ती ऑफर काल संपली, पट्टी काढायची राह्यली." मी म्हणलं पट्टी राह्यली ती तुमची, भाव बी तुमचाच राहू द्या. मागं रांग, लोकं "चला ना भाऊ" करून राह्यले. मॅनेजर आला, माझ्याकडं पाह्यलं, ओळखलं, मंग लय प्रेमानं म्हणे २६ रुपये परत देतो. अन दिलं काय, तर कूपन! पुढच्या खेपेले पाचशेच्या खरेदीवर वापरायचं. म्हणजे माझेच २६ रुपये घ्यायले मले पाचशे खर्च करायचे. कूपन अजून पाकिटात आहे, कोपरे मऊ झाले.

दुसरी गोष्ट तक्रार नाई, पण मले खटकली. त्याच दिवशी तेलाच्या रॅकवर लिटरवाली पिशवी शोधत होतो, समोरच्या दोन रांगा भरगच्च, मागची घ्यावी म्हणून हात आत घातला तर रिकामं खोकं लागलं. पुढं दोन रांगा माल अन मागं खोकी लावून उंची केलेली. बिस्किटाच्या रॅकवर बी एकच बिस्किट सहा हात लांब लावलेलं, जिथं सप्टेंबरात दहा प्रकार होते. किराणावाल्याच्या डोळ्याले हे लगेच दिसते, आमी बी करतो. माल कमी असला का सगळं पुढं ओढून ठेवायचं. पण आमी करतो तेव्हा कारण हे राहते का होलसेलवाल्याचं मागचं बिल बाकी आहे अन तो म्हणते आधी ते द्या.

चेन्नईच्या सुभिक्षा नावाच्या किराणा चेनचं वाचलं होतं मी. १९९७ मध्ये सुरू झालं, २००८ पर्यंत देशभर सोळाशेच्या आसपास दुकानं, इतक्या भराभर का दुकान आधी अन पैसा मागून. मंग पैसा आटला, माल देणाऱ्यांचं थकलं, रॅक रिकामे, अन २००९ च्या सुरुवातीले सगळ्यांचे शटर खाली. बिग बाझारचं तर आपण डोळ्यानं पाह्यलं, २६ जानेवारीच्या सेलले काय मरणाची गर्दी राहे, मालक किशोर बियाणींचं नाव घरोघरी. जागा भाड्याच्या, कर्ज डोक्यावर, त्यात कोरोना, अन २०२२ मध्ये रिलायन्सनं जागांचाच ताबा घेतला. स्वस्त विकणं सोपं आहे, कोणी बी विकन चार दिवस. स्वस्त विकून माल देणाऱ्याले वेळेवर पैसे देणं, तिथं कस लागते.

आमचं हे मार्ट एका चेनचं आहे, सात-आठ गावात दुकानं, दोन वर्षात. जागा भाड्याची, जिनिंगवाल्याच्याच पोट्ट्यानं सांगितलं, वर एसी अन जनरेटरचं डिझेल. बुडन असं मी म्हणत नाई, बुडू नाई. तीस-पस्तीस पोट्टे-पोट्टी कामाले आहेत आजूबाजूच्या खेड्यातले, काउंटरवरची ती पोट्टी आमच्या गावापासून चार किलोमीटरवरची आहे, रोज स्कुटीवर येते. पण कोणी जर तिथं आगाऊ पैसे भरून वर्षाचं मेंबर कार्ड घेऊन राह्यलं असन तर जरा थांबावं, एवढं सांगतो. सामान घ्या, बिल द्या, निघा.

स्टार देतो. भावाले चार, साखर-साबण-पावडरीपायी. कपड्यांले अडीच. स्टाफले पाच, पोट्टे लय नम्र आहेत अन पगार किती मिळते ते मले माहीत आहे. बिलिंगले दोन, एक तारखेपासून दहा तारखेपर्यंत चाळीस मिनिटं उभं राहा लागते, सहा काउंटर आहेत त्यातले दोनच चालू. संडास स्वच्छ, त्याचा एक वेगळा स्टार, तालुक्याच्या गावात बायांले बाजाराच्या दिवशी दुसरी जागाच नाई, मायनं हे खास लिहाले सांगितलं.

हे सगळे बिलं मी बाबांसमोर ठेवले होते एका संध्याकाळी. त्यांनी चष्मा लावून साबणाची ओळ चारदा पाह्यली. म्हणे, "हा भाव तर आपल्याले स्टॉकिस्ट बी देत नाई." मी म्हणलं २०२२ च्या सुरुवातीले याच्यावरूनच महाराष्ट्रातल्या वितरकांनी एका मोठ्या टूथपेस्ट कंपनीचा माल उचलणं बंद केलं होतं, का मोठ्या खरेदीदाराले वेगळा भाव अन आमाले वेगळा काऊन. बाबांनी ते ऐकलं का नाई माहीत नाई, ते पाटीवर काई लिहून राह्यले होते. दुसऱ्या दिवशी दुकानात खडूनं लिहिलेली पाटी लागली, साखर नगदी एक भाव, उधार दुसरा भाव, दोन रुपयाचा फरक. वट्यावर दोन दिवस त्याचीच चर्चा. सर येऊन पाटी वाचून गेले, घेतलं काई नाई, पण वाचून गेले.

अन मले म्हणे, येत्या रविवारी जाशीन तेव्हा साबणाचे पंधरा पॅक आण, आपल्या दुकानात ठेवू. मी सांगितलं, बाबा, तिथं बोर्ड आहे, एका बिलावर तीनच मिळते. बाबा थोडा वेळ बोटं मोजत बसले. मंग आतमधी आवाज दिला, "अहो, रविवारी तुमी अन सूनबाई बी जा याच्यासंग. वेगवेगळ्या रांगेत उभं राहा."

तीन बिलं, नऊ पॅक. बायांची तिकिटं अर्धी आहेत, परवडते.